अजिंठ्याची चित्रे : अंधाराने राखली, जपणुकीने झाकोळली

शेगाव : संत गजानन महाराजांच्या दर्शनासाठी राज्याच्या कानाकोपऱ्यांतून शेगावला येणारे अनेक भाविक परतीच्या वाटेवर अजिंठ्याची लेणी पाहून जातात. खामगाव-बुलढाणा मार्गे हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर भरते. लेण्यातील अंधाराला डोळे सरावले, की पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीची झुकलेली नजर आणि त्याच्या हातातील निळे कमळ हळूहळू उमटू लागते. मात्र त्याच भिंतींवर आणखीही काही दिसते. कुठे पिवळसर-तपकिरी झाक, कुठे काळवंडलेला पट्टा, तर कुठे रंग पार निघून गेल्याने उघडी पडलेली माती. दीड हजार वर्षांच्या काळाने चित्रांची ही अवस्था केली, असे मानून बहुतेक पर्यटक हळहळत पुढे सरकतात.

ही समजूत अर्धीच खरी आहे. ओल, कीटक, वटवाघळे आणि दगडातून झिरपणारे पावसाचे पाणी यांनी चित्रांची हानी केली, हे निर्विवाद आहे. तथापि, गेल्या दोनशे वर्षांत या चित्रांना जो त्रास झाला, त्यातील मोठा वाटा त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांचा होता. कोणी त्यांच्या प्रती काढताना, कोणी ती टिकावीत म्हणून उपचार करताना, तर कोणी संग्रहालयासाठी तुकडा नेताना त्यांना इजा केली. अजिंठ्याची ही दुसरी कथा फारशी सांगितली जात नाही. गावोगावच्या जुन्या मंदिरांच्या आणि वाड्यांच्या भिंतींचा विचार करता ती आज समजून घेणे अगत्याचे ठरते.

वऱ्हाडच्या राजांचा वारसा

अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडते. इंग्रजी अमदानीत वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि अजिंठा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिले. त्यामुळे वऱ्हाड आणि अजिंठा यांचे नाते लोकांच्या मनातून पुसट झाले. प्रत्यक्षात ते अत्यंत जवळचे आहे. अजिंठ्याची सर्वाधिक प्रसिद्ध लेणी ज्या काळात रंगली, त्या इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रदेशावर वाकाटक राजघराण्याच्या वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण राज्य करीत होता. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. वाशीम येथे सापडलेल्या ताम्रपटाने आणि अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखाने या शाखेचा इतिहास उजेडात आला. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांच्या वाचनात आयुष्याची अनेक वर्षे वेचली.

हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने १६ क्रमांकाचे लेणे खोदविले. शेजारचे १७ क्रमांकाचे लेणे उपेंद्रगुप्त या मांडलिक राजाच्या दानातून, तर २६ क्रमांकाचे चैत्यगृह बुद्धभद्र या भिक्षूच्या पुढाकाराने साकारले. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर एकूण ३० लेणी आहेत. त्यांपैकी ९, १०, १२, १३ आणि १५-अ ही पहिल्या टप्प्यातील, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमाराची मानली जातात. उरलेली दुसऱ्या टप्प्यातील होत. अमेरिकी अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मते हा दुसरा टप्पा अवघ्या वीस वर्षांच्या आत, मुख्यतः हरिषेणाच्याच कारकिर्दीत आटोपला. सर्व विद्वानांना हे मत मान्य नाही. परंतु अनेक लेणी अर्धवट सोडलेली दिसतात आणि काही ठिकाणी चित्रकार काम अपुरे टाकून गेल्याच्या खुणा आहेत, हे कोणालाही पाहता येते.

चित्रे कशी काढली गेली?

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. शास्त्रीयदृष्ट्या ते बरोबर नाही. इटलीतील खऱ्या फ्रेस्कोमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेला रंग लावतात. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा पुन्हा चुनखडीसारखा थर होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे बद्ध होतात. तेथे रंग भिंतीचाच भाग बनतो.

अजिंठ्याची पद्धत निराळी होती. प्रथम काळ्या पाषाणाची भिंत छिन्नीने मुद्दाम खरबरीत ठेवली जाई, म्हणजे गिलाव्याला पकड मिळे. त्यावर माती, वाळू, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू यांच्या मिश्रणाचा जाड थर, त्यावर अधिक बारीक मातीचा दुसरा थर आणि शेवटी चुन्याचा अगदी पातळ हात दिला जाई. हा पृष्ठभाग वाळल्यानंतर गेरूने आकृतींची रेखाटणे होत आणि मग सरस-डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग भरले जात. तांबडा व पिवळा रंग गेरू आणि पिवडीपासून, हिरवा रंग याच डोंगरातील खडकांत सापडणाऱ्या हिरवट मातीपासून, काळा दिव्याच्या काजळीपासून, तर पांढरा चुना व पांढऱ्या मातीपासून मिळे. निळा रंग तेवढा दुरून आणावा लागे. दुसऱ्या टप्प्यातील चित्रांत वापरलेला निळा रंग लाजवर्द या मौल्यवान दगडाचा असून तो आजच्या अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येत असे. वऱ्हाडच्या राजसत्तेचे व्यापारी संबंध किती दूरवर पोचले होते, याचा तो एक पुरावाच होय.

या पद्धतीतच चित्रांचे बळ आणि दौर्बल्य दडलेले आहे. सुक्या पृष्ठभागावर काम होत असल्याने चित्रकाराला सावकाश, बारकाईने रंगविता आले. परंतु रंग भिंतीशी एकजीव झाला नाही. तो मातीवर चिकटलेला एक नाजूक पापुद्रा राहिला. पावसाळ्यात माती ओल शोषून फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि त्या ओढाताणीत पापुद्रा सुटू लागतो. गिलाव्यातील तूस व तंतू हे कीटकांचे खाद्य ठरते. या संदर्भात वेरूळच्या लेण्यांचा दाखला उद्बोधक आहे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असून तेथे कीटकांचा उपद्रव आढळत नाही, असे २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. अजिंठ्याच्या गिलाव्यात ही वनस्पती नाही आणि तेथील चित्रांना कीटकांनी बरेच पोखरले आहे.

विस्मृतीचे संरक्षण

बौद्ध भिक्षूंचा वावर थांबल्यानंतर लेणी ओस पडली. परिसरातील रहिवाशांना ती ठाऊक होती. डोंगरात फिरणारे लोक तेथे आसरा घेत, चुली पेटवीत. त्या धुराचे थर चित्रांवर बसले. पण शेकडो वर्षे मोठ्या संख्येने कोणी तेथे फिरकले नाही. दरड कोसळून आलेली माती आणि पालापाचोळा लेण्यांत साचत राहिला. अंधार, एकांत आणि फारसे न बदलणारे हवामान यांनी चित्रांना तगवून धरले.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास इलाख्याच्या घोडदळातील जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या दरीत आला. दहाव्या लेण्यातील एका खांबावरील रंगीत आकृतीवर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे आज माणसाच्या उंचीच्या बरीच वर दिसतात. स्मिथ उभा होता तो लेण्याचा मूळ तळ नव्हता, शतकानुशतके साचलेल्या राडारोड्याचा ढीग होता, हे त्याचे कारण. आधुनिक जगाने अजिंठ्यावर केलेली पहिली नोंद ही अशी एका चित्रावरचा ओरखडा आहे.

त्यानंतर लेण्यांची कीर्ती पसरली आणि हौशी मंडळींचा ओघ सुरू झाला. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८३९ मध्ये लेणी पाहिली आणि चित्रांची होत असलेली हेळसांड कंपनी सरकारच्या नजरेस आणून दिली. मुंबईचे डॉक्टर जेम्स बर्ड यांनी तर संग्रहालयात ठेवण्याच्या इराद्याने १७ व्या लेण्यातील काही आकृती भिंतीवरून सोलून काढण्याचा प्रयत्न केला. मातीच्या गिलाव्यावरील रंग असा सुटून येत नाही, त्याचा भुगा होतो. बर्ड यांचा हेतू विद्याव्यासंगाचा होता, तरी त्या आकृती मात्र कायमच्या गेल्या.

प्रतींच्या नशिबी आग

चित्रे टिकणार नाहीत, तेव्हा निदान त्यांच्या हुबेहूब प्रती काढून ठेवाव्यात, असा विचार पुढे आला. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मद्रासच्या सैन्यातील रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्याची या कामी नेमणूक केली. गिल यांनी अजिंठा गावातील बारादरीत मुक्काम ठोकला आणि सुमारे दोन दशके हे काम केले. त्यांची सहचारिणी पारो हिचे २३ मे १८५६ रोजी निधन झाले. तिची कबर अजिंठा गावात आहे. कविवर्य ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावर आधारित नितीन देसाई यांचा २०१२ मधील चित्रपट यांमुळे ही कथा मराठी रसिकांना परिचित आहे.

गिल यांच्या श्रमाचे फळ मात्र दारुण निघाले. त्यांच्या बहुतेक प्रती लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्ये प्रदर्शनार्थ मांडल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्या जळून खाक झाल्या. तेथे नसलेल्या मोजक्या प्रती तेवढ्या वाचल्या. खचून न जाता गिल कॅमेरा घेऊन पुन्हा कामाला लागले. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भुसावळ येथे त्यांचे दफन करण्यात आले. शेगावहून मुंबईकडे जाणारी गाडी ज्या भुसावळवरून जाते, तेथेच अजिंठ्याचा हा पहिला मोठा नकलाकार विसावला आहे.

दुसरा प्रयत्न मुंबईच्या कला विद्यालयाने केला. आज सर ज. जी. कला महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी आणि इतर भारतीय विद्यार्थ्यांसह सुमारे ३०० प्रती तयार केल्या. त्या लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात पाठविण्यात आल्या आणि १८८५ मध्ये तेथेही आग लागली. त्यांतील कित्येक प्रती नष्ट झाल्या. उरलेल्या आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांनी नंदलाल बोस, असितकुमार हालदार, के. व्यंकटप्पा आदी तरुण चित्रकारांना सोबत घेऊन नव्याने प्रती काढल्या. आधुनिक भारतीय चित्रकलेवर अजिंठ्याचा जो ठसा उमटला, त्याची सुरुवात येथून झाली. त्यानंतरच्या दशकात जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी काढलेल्या प्रती १९२३ च्या टोकियो भूकंपात नष्ट झाल्या.

प्रतींच्या या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. मूळ चित्राला पर्याय नाही. प्रत हा विमा ठरू शकतो, पण तो विमाही जळू शकतो.

व्हार्निश आणि शेलॅक

प्रती जळाल्या, ही दुर्घटना होती. मूळ चित्रांवर जे घडले, ते मात्र जाणूनबुजून केलेले उपचार होते. काळपट, धुळीने माखलेल्या चित्रातील रंग नीट दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकातील नकलाकारांनी त्यांवर व्हार्निश फिरविले. व्हार्निश लावताच रंग ओले केल्यासारखे झळाळतात. पण काही वर्षांत तोच थर पिवळा पडतो, चिकट होऊन धूळ धरतो आणि वाळताना आक्रसून खालचा रंग उचलतो.

पुढे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली लेण्यांची व्यवस्था हाती घेतली. चित्रांची दुरुस्ती सर्वोत्तम हातांनी व्हावी म्हणून निजाम सरकारने १९२० मध्ये लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी १९२२ पर्यंत काम केले. भिंतीपासून सुटलेला, कोसळण्याच्या बेतात असलेला गिलावा त्यांनी पुन्हा बसविला. हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. अनेक चित्रे आज भिंतीवर आहेत ती त्यांच्यामुळेच. पण रंगाचे पापुद्रे धरून ठेवण्यासाठी त्यांनी शेलॅकचा वापर केला. शेलॅक म्हणजे सुतार लाकडाच्या पॉलिशसाठी वापरतात तो लाखेचा चपडा. काळाच्या ओघात हा थरही तांबूस-पिवळा आणि कठीण झाला. त्याखाली आधीची काजळी व धूळ तशीच बंदिस्त राहिली, तर वरून नवी धूळ बसत गेली. आज पर्यटकांना ‘काळाने आलेली’ वाटणारी सोनेरी-तपकिरी झाक अनेक ठिकाणी शंभर वर्षांपूर्वीच्या या उपचाराची आहे.

चेक्कोनी आणि ऑर्सिनी यांना दोष देणे सोपे आहे. त्या काळी जगातील उत्तम ज्ञान तेच होते. नेमका हाच या कथेतील चिंतेचा भाग होय.

इंग्लंडच्या खेड्यांतील चर्चची साक्ष

असा अनुभव केवळ अजिंठ्यालाच आला, असे नव्हे. ज्या देशाने अजिंठ्याच्या प्रती काढण्यासाठी माणसे पाठविली, त्या इंग्लंडमध्येही गावोगावच्या जुन्या चर्चच्या भिंती मध्ययुगात चित्रांनी भरलेल्या होत्या. तेथेही बहुतेक चित्रे अजिंठ्याप्रमाणेच सुक्या पृष्ठभागावर गेरू, पिवडी, चुना आणि कोळसा यांनी रंगविलेली असत. विषयही समजण्यासारखे. प्रवेशद्वारासमोर प्रवाशांचा रक्षक संत ख्रिस्तोफर आणि वेदीपुढील कमानीवर अखेरच्या न्यायाचे दृश्य. कर्माचे फळ काय मिळते, हे निरक्षर गावकऱ्याला भिंतीवरून कळे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत रंगविलेले भवचक्रही जन्म-मरणाच्या फेऱ्याचा असाच पाठ देते.

सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेची लाट आली. १५४७ मधील राजाज्ञेने चर्चमधील मूर्ती व चित्रे हटविण्याचे फर्मान निघाले. बहुतेक ठिकाणी गवंड्यांनी स्वस्त आणि सोपा मार्ग पत्करला. त्यांनी चित्रांवर चुन्याची सफेदी मारली. चित्रे नाहीशी करण्यासाठी मारलेल्या या सफेदीनेच ती तीनशे वर्षे उजेड, धूर आणि मानवी हात यांपासून सुरक्षित ठेवली. एकोणिसाव्या शतकात दुरुस्तीच्या वेळी सफेदीचे पोपडे निघू लागले आणि खालून चित्रे डोकावू लागली.

यॉर्कशायरमधील पिकरिंग गावच्या चर्चमध्ये १८५२ साली पंधराव्या शतकातील चित्रे अशीच प्रकट झाली. प्रार्थनेत भक्तांचे लक्ष विचलित होईल, या कारणास्तव तेथील धर्मगुरूंनी त्यांवर पुन्हा सफेदी मारविली. दोन-तीन दशकांनी मतपरिवर्तन झाले, चित्रे पुन्हा उघडण्यात आली आणि मग उत्साहाच्या भरात ती नव्या रंगांनी भरून काढण्यात आली. परिणामी, आज तेथे दिसणाऱ्या रेषांतील मूळ किती आणि भर किती, हा प्रश्न शिल्लक राहिला. कोव्हेंट्रीच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये १८३१ मध्ये अखेरच्या न्यायाचे भव्य चित्र सापडले. त्यावर डांबरयुक्त व्हार्निश लावण्यात आले. ते इतके काळे पडले, की पुढे चित्र जवळजवळ दिसेनासे झाले. २००४ मध्ये पूर्ण झालेल्या कामानंतरच लोकांना ते पुन्हा पाहता आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रा. ट्रिस्ट्रम यांनी अनेक चर्चमधील चित्रांवर संरक्षणासाठी मेणाचा थर दिला. मेणाने भिंतीतील ओल आतच कोंडली गेली आणि पुढच्या पिढीतील तज्ज्ञांना ते मेण काढण्यात वर्षे घालवावी लागली.

अजिंठ्यात शेलॅक आणि इंग्लंडमध्ये मेण. दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ नामांकित होते, हेतू शुद्ध होता आणि परिणाम सारखाच झाला. ज्या भिंतीला ओल सोडण्यासाठी श्वास घ्यावा लागतो, तिच्यावर हवा न जाऊ देणारा थर चढविला गेला. विस्मृतीने किंवा द्वेषाने जे साधले, ते घाईच्या प्रेमाला साधले नाही.

काजळीखालचे रंग

जुन्या उपचारांचे थर उतरविणे हे आजच्या संवर्धनातील सर्वांत कठीण काम मानले जाते. चेक्कोनींच्या थराखाली असलेली माती आणि रंगातील चिकट द्रव्य पाण्याने विरघळते. म्हणून पाणी वापरता येत नाही. शेलॅक विरघळविणारी द्रावणे जपून न वापरल्यास रंगालाही हात घालतात. त्यामुळे कापसाच्या बोळ्याने, एका वेळी हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर, आधी चाचणी घेऊन काम करावे लागते.

हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतर अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आले. १९८३ मध्ये युनेस्कोने लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. सर्वेक्षणाच्या रसायन शाखेने १९९९ पासून मॅनेजर राजदेव सिंग यांच्या नेतृत्वाखाली ९ आणि १० क्रमांकांच्या लेण्यांतील काळ्या पडलेल्या भिंतींकडे लक्ष वळविले. शेलॅक, काजळी आणि वटवाघळांच्या विष्ठेचे थर टप्प्याटप्प्याने हटविल्यानंतर भारतातील अतिप्राचीन चित्रांपैकी काही चित्रे स्पष्ट दिसू लागली. षड्दंत जातकातील हत्तींचे कळप, बोधिवृक्षाचे पूजन करणारे स्त्री-पुरुष, त्यांचे फेटे आणि दागिने हे सारे इसवी सनापूर्वीच्या काळातील आहे. हे रंग काळाने नष्ट केले नव्हते. ते झाकले गेले होते.

आजचे संवर्धन दोन साध्या तत्त्वांवर उभे आहे. पहिले, शक्य तितका कमी हस्तक्षेप. गेलेला चेहरा पुन्हा रंगवायचा नाही. रिकामी जागा शांत, मातकट रंगाने भरून ठेवायची, म्हणजे मूळ कोणते आणि भर कोणती हे पाहणाऱ्याला कळते. दुसरे, जे काही वापरायचे ते पुढच्या पिढीला काढून टाकता आले पाहिजे. आपले ज्ञान अंतिम नाही, ही कबुली या दुसऱ्या तत्त्वात आहे. व्हार्निश, शेलॅक आणि मेण यांनी मोजायला लावलेल्या किमतीतून ती आली आहे.

पाहणाऱ्याचा श्वास

आता प्रश्न उरतो तो पाहणाऱ्यांचा. चित्रे पाहण्यासाठीच आहेत. पण प्रत्येक माणूस आपल्यासोबत उष्णता, श्वासातील बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि पायांची धूळ घेऊन लेण्यात शिरतो. सुटीच्या दिवशी लेण्यांत गर्दी झाली, की आतील आर्द्रता आणि तापमान चढते आणि गर्दी ओसरली की उतरते. मातीच्या गिलाव्याची ओढाताण पावसाळ्यापुरती न राहता रोजची होते. म्हणूनच खासगी वाहने फर्दापूर फाट्याजवळ थांबवून पुढे बसने नेले जाते, चित्रे असलेल्या प्रमुख लेण्यांत एका वेळी ठरावीक संख्येनेच प्रवेश दिला जातो आणि फ्लॅशसह छायाचित्रणास मनाई आहे. सोमवारी लेणी बंद असतात.

रांगेत तिष्ठणाऱ्या पर्यटकाला हे नियम जाचक वाटतात. लांबून आलेल्या कुटुंबाला पद्मपाणीसमोर जेमतेम काही मिनिटे मिळतात, तीही मंद उजेडात. त्यांची नाराजी समजण्यासारखी आहे. परंतु मंद उजेडातही ही चित्रे उत्तम टिपता येतात, हे बिनॉय बहल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या छायाचित्रांनी सिद्ध केले आहे. बारकावे पाहायचे तर छापील ग्रंथ आणि छायाचित्रे आहेत. प्रत्यक्ष लेण्यात जाऊन मिळतो तो त्या जागेचा, आकारमानाचा आणि शांततेचा अनुभव. तो आणखी काही पिढ्यांना मिळायचा असेल, तर आजच्या पिढीला रांग सोसावीच लागेल.

गावच्या भिंतींचे काय?

अजिंठ्यावर किमान पहारा आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आज एखाद्या जॉन स्मिथने खांबावर नाव कोरले, तर त्याला या तरतुदीला सामोरे जावे लागेल. खरी काळजी आहे ती अशा यादीत नाव नसलेल्या वास्तूंची.

महाराष्ट्रात भित्तिचित्रांची परंपरा अजिंठ्यावर संपली नाही. वाईजवळील मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि चांदवडचा होळकरांचा रंगमहाल यांतील चित्रे अठराव्या शतकातील मराठी जीवनाची साक्ष देतात. तशा लहानमोठ्या भिंती अनेक गावांतील देवळांत आणि वाड्यांत होत्या आणि काही अजूनही असतील. इंग्लंडच्या खेड्यातील चर्चप्रमाणेच ही देवळेही नांदती आहेत. त्यांच्याविषयीचा निर्णय पुरातत्त्ववेत्ता घेत नाही. विश्वस्त, पुजारी आणि वर्गणी देणारे गावकरी घेतात. जीर्णोद्धाराचा संकल्प श्रद्धेतूनच होतो. मग भिंती खरवडल्या जातात, तैलरंग चढतात, गाभाऱ्यापर्यंत टाइल्स बसतात आणि जुन्या दगडावर पॉलिश किंवा वाळूचा मारा केला जातो. चुन्याची सफेदी उद्या अलगद उतरविता येते. पिकरिंगच्या चर्चने ते दाखवून दिले. खरवडून काढलेली भिंत मात्र पुन्हा बोलत नाही आणि तैलरंगाने ओल आत कोंडली, की खालचा गिलावाच सुटतो.

काही साध्या गोष्टी कोणत्याही गावाला करता येण्याजोग्या आहेत. जीर्णोद्धारापूर्वी प्रत्येक भिंतीची आणि छताची दिवसाच्या उजेडात छायाचित्रे काढून ठेवावीत. चुन्याच्या थराखाली रंग किंवा रेषा दिसल्यास काम तेथेच थांबवावे आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवावे. चित्र ओल्या फडक्याने पुसू नये, त्यावर तेल, व्हार्निश किंवा वॉर्निशसारखा कोणताही चकाकणारा थर देऊ नये. भिंतीला रंग द्यावयाचाच असेल, तर तैलरंगाऐवजी चुना वापरावा. छताची गळती आधी बंद करावी, कारण चित्राचा पहिला शत्रू पाणीच असते. यांतील कशालाही मोठा खर्च येत नाही. लागतो तो थोडा धीर.

वाशीमच्या राजांनी बदख्शानहून मागविलेला निळा रंग पद्मपाणीच्या लेण्यात अजून टिकून आहे. त्याला वाचविण्यासाठी धावलेल्या प्रत्येक पिढीने आपल्या परीने उत्तम तेच केले आणि तरीही पुढच्या पिढीसाठी दुरुस्तीचे काम मागे ठेवले. पुढील महिन्यात एखाद्या गावच्या देवळाच्या भिंतीवर खरवडणी फिरविण्यापूर्वी तेथील विश्वस्तांनी एवढा इतिहास ध्यानात घेतला, तरी त्या चुन्याखाली जे असेल ते वाचण्याची शक्यता राहील.